खासगीपणा आणि मध्यस्थ : अनिरुद्ध जोशी यांच्या मानव-संगणक संशोधनाचे समीक्षण

सारांश

यंत्राचा वापर करणारा माणूस कोठे अडतो, कोठे चुकतो आणि त्या चुकीस यंत्राची रचना कितपत कारणीभूत असते, याचा अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेस ह्यूमन फॅक्टर्स किंवा मानवी घटकांचा अभ्यास असे म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत या शाखेचा खासगीपणाच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आला. प्रस्तुत लेखात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आयडीसी या अभिकल्प विभागाचे प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या निवडक संशोधनकार्याचे खासगीपणाच्या दृष्टीने समीक्षण केले आहे. जोशी यांची ओळख खासगीपणाचे संशोधक अशी नाही. तथापि ग्रामीण महाराष्ट्रात खासगीपणाचा पहिला प्रश्न 'माझे काम मला माझ्या हाताने करता येते काय' हा असल्याने, त्यांचे कार्य या विषयाच्या केंद्रस्थानी येते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर या कार्याची मर्यादाही दाखविली आहे.

प्रस्तावना

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील गाव. कापूस, सोयाबीन आणि मका यांवर जगणाऱ्या या परिसरात आज मोबाईल नाही असे घर क्वचितच सापडेल. पीकविम्याचा अर्ज, शेतकरी सन्मान निधीचे प्रमाणीकरण, मुलांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला ही सर्व कामे ऑनलाइन झाली आहेत. परंतु ही कामे ज्याची आहेत तो ती स्वतः करतो, असे सहसा घडत नाही. तो सेवा केंद्रावर जातो, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक समोर ठेवतो, मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवितो किंवा मोबाईलच चालकाच्या हाती देतो. अर्जाचा पासवर्ड चालक ठरवितो आणि पुष्कळदा चालकाच्याच वहीत तो राहतो. महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे, की स्वतःच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड विचारला असता विद्यार्थी 'केंद्रावाल्याला माहीत आहे' असे उत्तर देतो.

या व्यवहारात कोणी कोणाची फसवणूक करतो असे नाही. बहुतेक चालक गावचेच, ओळखीचे आणि उपयोगी पडणारे असतात. मात्र प्रश्न उरतो तो असा, की ज्या माणसाची सर्व माहिती दुसऱ्याच्या हातून जाते, त्याच्या खासगीपणाचा विचार कोणत्या शास्त्राने करावयाचा? आणि ते शास्त्र त्याच्यापर्यंत पोहोचले आहे काय? या प्रश्नाच्या अनुषंगाने एका मराठी संशोधकाच्या कार्याकडे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ज्ञानशाखेची पार्श्वभूमी

मानवी घटकांच्या अभ्यासाची पाळेमुळे दुसऱ्या महायुद्धात सापडतात. विमानचालकांच्या चुकांमुळे अपघात होत होते. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अशा ४६० चुकांचे विश्लेषण केले. त्यातून असे दिसले, की एकसारख्या दिसणाऱ्या आणि शेजारी असणाऱ्या दांड्यांमुळे चालक एकाऐवजी दुसरीच दांडी ओढत. ज्यास माणसाची चूक म्हटले जात होते, ती पुष्कळ अंशी रचनेची चूक होती. ही या शास्त्राची मूळ शिकवण होय.

संगणकाच्या सुरक्षेच्या क्षेत्रात हीच शिकवण उशिरा आली. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये सुरक्षिततेची जी तत्त्वे मांडली, त्यांत वापरणाऱ्याच्या मनास सहज मानवेल अशी रचना असावी, हे एक तत्त्व होते. परंतु त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी संदेश गुप्त ठेवणाऱ्या एका नामांकित प्रणालीची परीक्षा घेतली, तेव्हा सुशिक्षित अमेरिकी वापरकर्त्यांपैकी बहुतेकांना ती नीट वापरता आली नाही. पुढे लॉरी क्रेनर यांच्या पुढाकाराने २००५ पासून वापरसुलभ खासगीपणा आणि सुरक्षा या विषयावर वार्षिक परिषद भरू लागली. अॅलिशिया मॅकडॉनल्ड आणि क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाविषयीचे धोरण एका माणसाने वाचावयाचे ठरविल्यास वर्षाकाठी सुमारे २४४ तास लागतील. 'मी वाचले आहे व मला मान्य आहे' या चौकटीतील खूण ही किती पोकळ संमती आहे, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

भारताच्या संदर्भात पोन्नुरंगम कुमारगुरू आणि क्रेनर यांनी २००५ मध्ये एक प्राथमिक अभ्यास केला. अमेरिकेतील तत्सम पाहण्यांच्या तुलनेत भारतीयांत खासगीपणाविषयी जागरूकता आणि चिंता कमी आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो प्रामाणिक असला तरी प्रस्तुत लेखकास अपुरा वाटतो. चिंता कमी आहे, की ती व्यक्त करण्याची भाषा आणि संधी वेगळी आहे, हा भेद प्रश्नावलीतून निसटतो. ज्यास अर्ज स्वतः भरता येत नाही, त्यास 'तुमची माहिती कोणास द्यावी असे वाटते?' हा प्रश्नच परका वाटणार.

जोशी यांचे कार्य

अनिरुद्ध जोशी यांच्या कार्याचा आरंभीचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००४ मध्ये मांडलेला 'कीलेख' हा कळफलक. भारतीय लिप्यांसाठी तोवर इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक होता. परंतु तो शिकण्यास सराव लागत असे. कीलेखाची मांडणी वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली होती. शाळेत क, ख, ग, घ घोकलेल्या माणसास अक्षर कोठे सापडेल याचा अंदाज यावा, हा तिचा हेतू. टंकलेखनाचा अभ्यास नसलेला माणूस हाच वापरकर्ता आहे, हे येथे प्रथमपासून गृहीत धरले होते.

२००८ मध्ये जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रांगोळी' ही मोबाईलमधील नामसूची मांडली. वाचता न येणाऱ्या किंवा कमी वाचता येणाऱ्या माणसास नावांची यादी निरुपयोगी असते. रांगोळीत नावाऐवजी रंग आणि चिन्हे यांच्या साह्याने माणूस ओळखावयाचा असतो.

२०१३ पासून उपलब्ध झालेले 'स्वरचक्र' हे या परंपरेतील सर्वांत परिचित फळ. स्पर्शपटलावरील व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उमटते आणि बोट सरकवून हवी ती स्वरयुक्त जोडणी निवडता येते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते उपलब्ध झाले. मोबाईलवर मराठी लिहिणे म्हणजे रोमन लिपीत मराठी लिहिणे, अशी समजूत रूढ होत असताना बाराखडी येणाऱ्या कोणासही देवनागरीत लिहिता येते, हे त्याने दाखवून दिले.

चौथे कार्य आरोग्याशी संबंधित आहे. एचआयव्हीबाधित रुग्णांना औषधाच्या वेळा सांभाळता याव्यात यासाठी 'तमा' ही दूरध्वनीवरील ध्वनिप्रणाली तयार करण्यात आली. भारतातील ५ दवाखान्यांतील ५४ रुग्णांसह १२ आठवडे तिची चाचणी झाली व २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या प्रत्यक्ष जीवनात ही प्रणाली वापरण्याजोगी ठरली आणि औषधोपचारातील नियमितपणास तिचा हातभार लागला, असे त्यात नोंदविले आहे.

या सर्वांबरोबर जोशी यांनी भारतात या ज्ञानशाखेची संस्थात्मक उभारणीही केली. १९८४ मध्ये लंडन येथे सुरू झालेली 'इंटरॅक्ट' ही आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये प्रथमच भारतात, मुंबईस भरली. तिच्या आयोजनाच्या सूत्रधारांत ते होते.

खासगीपणाच्या दृष्टीने मूल्यमापन

वरील कार्यांच्या शीर्षकांत खासगीपणा हा शब्द नाही. तरीही त्यांचा एकत्र विचार केल्यास एक सूत्र दिसते. प्रत्येक ठिकाणी माणूस आणि त्याचे काम यांच्यामध्ये उभा असलेला तिसरा माणूस बाजूला करण्याचा प्रयत्न आहे.

रांगोळीचेच उदाहरण घेऊ. ज्या स्त्रीस नावे वाचता येत नाहीत, तिला माहेरी फोन लावावयाचा असेल तर ती मुलास किंवा शेजारणीस लावून मागते. म्हणजे ती कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलते हे घरास आपोआप कळते. ती काही लपविते असे नाही; पण न सांगण्याचा पर्यायच तिला उरत नाही. रंग आणि चिन्ह ओळखून तिने स्वतः फोन लावला, की हा पर्याय तिच्याकडे परत येतो. खासगीपणाच्या कोणत्याही सेटिंगपेक्षा ही प्राप्ती मोठी आहे. स्वरचक्राबाबतही हेच म्हणता येईल. स्वतःचे पत्र, तक्रार किंवा अर्ज स्वतःच्या लिपीत लिहिता आल्याने मजकूर दुसऱ्यास सांगून लिहून घेण्याची गरज उरत नाही.

येथे एका विसंगतीचीही नोंद करणे आवश्यक आहे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये बाहेरून घेतलेला कोणताही कळफलक सुरू करताना एक सूचना येते. हा कळफलक तुम्ही टंकलेला सर्व मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांक यांसह गोळा करू शकतो, असा तिचा आशय असतो. तांत्रिकदृष्ट्या ती योग्यच आहे. परंतु तिचा भार कोणावर पडतो? इंग्रजीत लिहिणाऱ्यास कळफलक फोनबरोबरच मिळे. त्यास ही सूचना पाहण्याचे कारण नसे. आपल्या भाषेत लिहू इच्छिणाऱ्यास मात्र अनेक वर्षे वेगळा कळफलक घ्यावा लागला आणि प्रथमच भाषा की सुरक्षितता असा पेच त्याच्यासमोर आला. त्याने 'ठीक आहे' दाबले, तर तो बेफिकीर म्हणून गणला जाणार. फिट्स आणि जोन्स यांच्या विमानचालकांप्रमाणे येथेही रचनेचा दोष माणसाच्या माथी मारला जातो.

'तमा'च्या बाबतीत खासगीपणाचा प्रश्न उघड आहे. एचआयव्हीचे निदान ही समाजात अत्यंत जपून ठेवली जाणारी बाब. औषधाची आठवण करून देणारा फोन रुग्णाच्या हितासाठी असतो. पण तोच फोन दुसऱ्याने उचलला तर रुग्णाचे गावात राहणे कठीण होऊ शकते. चांगल्या उद्देशाने केलेल्या तंत्रज्ञानातही खासगीपणाचा विचार आरंभापासून का लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

कार्याची मर्यादा

येथवर केलेले कौतुक ध्यानी घेऊनही एक आक्षेप नोंदविला पाहिजे. कीलेख, रांगोळी आणि स्वरचक्र या तिन्हींत वापरकर्ता एक आहे आणि उपकरण त्याच्या हातात आहे, असे गृहीत आहे. ग्रामीण वास्तव याहून गुंतागुंतीचे आहे.

नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील १९९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात फोन मागितला तर तो द्यावाच लागतो. नाही म्हटले तर संशय येतो. म्हणून स्त्रिया फोनला किंवा विशिष्ट अॅपला कुलूप लावतात, निवडक संदेश पुसून टाकतात, अथवा काही गोष्टी फोनवर करावयाच्याच टाळतात. खासगीपणा आपल्यासाठी नाही, तो श्रीमंत बायकांसाठी आहे, अशा आशयाचे एका स्त्रीचे उद्गार त्या निबंधाचे शीर्षक झाले आहेत.

या उद्गारास मराठी शब्दाचा इतिहास एक अनपेक्षित पुष्टी देतो. मराठेशाहीत 'खासगी' म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न व मालमत्ता. होळकरांची खासगी जहागीर प्रसिद्धच आहे. रयतेला खासगी नव्हती. तो शब्द दरबाराचा होता. लोकशाहीत तो शब्द प्रत्येकाचा झाला. परंतु शब्द सर्वांचा होणे आणि वस्तू सर्वांची होणे या दोन गोष्टींत अंतर असते.

दुसरी बाब सेवा केंद्राच्या चालकाची. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्यात येऊ लागले. २०२५ मध्ये लाभार्थींसाठी ई-केवायसी आवश्यक करण्यात आली. त्यात स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पती किंवा वडील यांच्या आधाराचेही ओटीपीद्वारे प्रमाणीकरण करावयाचे होते. ओटीपी या कल्पनेच्या मुळाशी एक माणूस, एक फोन आणि एक क्रमांक हे गृहीत आहे. जिचा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आहे, जिचा पती हयात नाही किंवा वेगळा राहतो, तिच्या बाबतीत हे गृहीतच कोसळते. मग ती केंद्रावर जाते आणि घरची सर्व हकिकत चालकास सांगते, कारण त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

अशा वेळी मध्यस्थ बाजूला करण्याचे धोरण पुरेसे ठरत नाही. तो राहणारच आहे आणि पुष्कळांना तो हवाही आहे. म्हणून मध्यस्थासह होणारा वापर हाच अभ्यासाचा विषय झाला पाहिजे. चालकासमोरील पटलाची एक प्रत अर्जदाराकडे वळविता येईल काय? पासवर्ड चालकास न कळता अर्जदारास ठरविता येईल काय? अर्ज सादर होण्यापूर्वी त्यातील मजकूर मराठीत मोठ्याने ऐकविता येईल काय? हे प्रश्न रचनेचे आहेत, आणि जोशी यांच्या परंपरेत वाढलेल्या संशोधकांनीच ते हाती घेणे योग्य होईल.

इतिहासाचा आधार

या सूचना नव्या वाटल्या तरी त्यांना आपल्याच प्रदेशात पूर्वपीठिका आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हस्तगत करून जाळली. त्या उठावाचे लक्ष्य प्रामुख्याने कागद होते, कारण त्यावर अंगठा उमटविणाऱ्यास त्यातील मजकूर वाचता येत नव्हता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ग्रामनिबंधकाची योजना केली. शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोर किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात निरक्षर शेतकरी लेखणीधाऱ्यांच्या हाती कसा नागविला जातो हे मांडले आणि त्यावर विद्येचा मार्ग सांगितला.

या दोन मार्गांचा विचार आजही उपयुक्त आहे. कायद्याने मध्यस्थावर देखरेख ठेवली. फुले यांनी शेतकऱ्याच्याच हाती विद्या देण्याचा आग्रह धरला. जोशी यांचे कळफलक फुले यांच्या मार्गाने जातात. ग्रामनिबंधकाचा मार्ग मात्र आजच्या संगणकीय व्यवहारात रिकामाच आहे.

कायद्याची आजची स्थिती

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे हा अधिनियम सांगतो. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्यायही तो देतो.

भाषेची ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु सूचना मराठीत उपलब्ध असणे आणि ती अर्जदाराने वाचलेली असणे या भिन्न गोष्टी होत. सूचनेवर बोट चालकाचे असेल, तर संमती कोणाची? शासकीय लाभांच्या बाबतीत तर काही परिस्थितींत नव्या संमतीविना माहिती वापरण्याची मुभा अधिनियमातच आहे. म्हणजे ग्रामीण नागरिकाचा शासनाशी जो सर्वांत अधिक संबंध येतो, तेथेच संमतीचे संरक्षण सर्वांत पातळ राहते.

निष्कर्ष

१. खासगीपणाचे पाश्चात्त्य संशोधन मुख्यतः वाचू शकणाऱ्या, स्वतःचे उपकरण असलेल्या व्यक्तीभोवती उभे राहिले. त्याचे मापदंड ग्रामीण महाराष्ट्रास जसेच्या तसे लावल्यास येथील माणूस केवळ बेफिकीर दिसतो.

२. अनिरुद्ध जोशी यांनी वर्णमाला, बाराखडी, रंग आणि आवाज यांच्या आधारे केलेल्या रचना माणसाचे काम त्याच्या हाती परत देतात. म्हणून त्यांची गणना खासगीपणाच्या संशोधनातही झाली पाहिजे.

३. एक माणूस, एक फोन हे गृहीत या कार्यातही बऱ्याच अंशी कायम आहे. सामाईक फोन आणि मध्यस्थासह होणारा वापर यांचा अभ्यास हे पुढील पिढीचे कर्तव्य ठरते.

४. हा अभ्यास मुंबईच्या प्रयोगशाळेइतकाच तालुक्याच्या महाविद्यालयात होऊ शकतो, किंबहुना येथे तो अधिक चांगला होईल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सेवा केंद्रात, चालक व अर्जदार या दोघांच्याही परवानगीने, कोणाचीही माहिती न टिपता, केवळ फोन कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो एवढे पाहिले तरी आरंभ होईल.

शेवटी एक नमूद करावेसे वाटते. आपले बहुसंख्य विद्यार्थी घरातील पहिलेच शिकणारे आहेत. आईचा ओटीपी वाचणारे आणि वडिलांचा अर्ज भरणारे तेच आहेत. म्हणजे या प्रश्नातील मध्यस्थ आणि वापरकर्ता हे दोघेही आपल्या वर्गात बसलेले आहेत. वडिलांचा अर्ज भरताना मोबाईल आपल्याकडे न वळविता त्यांच्याकडे वळवावा, त्यातील ओळी त्यांना वाचून दाखवाव्यात आणि पासवर्ड त्यांनाच ठरवू द्यावा, एवढे जरी त्या विद्यार्थ्यास उमगले, तरी या ज्ञानशाखेचा पहिला धडा त्यास कळला असे म्हणावे लागेल.